डब्यावरच्या आकड्यामागे धावू नकोस

अरे, .३०८ (रायफलीचं कॅलिबर) च्या १६८ ग्रेन गोळीच्या मॅच, म्हणजे स्पर्धेच्या काडतुसाच्या डब्यावर २६५० फूट प्रतिसेकंद छापलंय, म्हणून तू घरी भरलेल्या काडतुसालाही तेवढाच वेग हवा हा हट्ट आधी सोड. तो आकडा बहुतेक २४ इंची नळीवरचा असतो. तुझी नळी २० इंची, म्हणजे वेग कमीच येणार. आधी तीच विकतची दहा काडतुसं तुझ्याच रायफलीतून क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) झाड. येईल ती सरासरी गाठायची, बस.

दारू (बंदुकीची रे!) काडतुसं भरायच्या मॅन्युअलमधल्या किमान मापापासून थोडी थोडी वाढव. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. पहिल्याच वर्षी मी वेगाच्या नादात घाई केली. बोल्ट उचलायला जड गेला, बघतो तर पितळी काडतुसाच्या बुडावर इजेक्टरचा (रिकामं काडतूस बाहेर फेकणारा भाग) चकचकीत ठसा, म्हणजे दाब फार वाढलेला. उरलेली चाळीस काडतुसं पुलरने (गोळी उपसायचं हत्यार) उघडण्यात अख्खा रविवार गेला, वर बायकोची बोलणी.

आणि हे सगळं इकडे अमेरिकेत. गावाकडच्या भावाला करून बघायला सांगू नकोस. भारतात विनापरवाना काडतूस बनवणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.