सत्र संपताना: रोषणाई, बातमीपत्र आणि प्रयोगशाळेचं कुलूप

सबमिशन आणि व्हायवा आटोपले की तंत्र महाविद्यालयांतून येणाऱ्या प्रश्नांचा सूर बदलतो. कुणाला सजावट करायची असते, कुणाला निरोपाचा कार्यक्रम, तर कुणावर वर्कशॉप बंद करण्याची जबाबदारी असते. या वेळच्या निवडक प्रश्नांची उत्तरं पुढे देत आहोत.

प्रश्न: सुट्टीच्या निमित्तानं विभागाच्या प्रवेशदालनात पाच मीटर एलईडी पट्टी लावली आहे. पट्टी डब्ल्यूएस२८१२बी प्रकारची, ५ व्होल्टची, मीटरला ६० पिक्सेल (स्वतंत्रपणे उजळणारे दिवे). पांढरा रंग दिला की सुरुवात पांढरी दिसते, शेवट मात्र तांबूस. मधूनच कंट्रोलर (पट्टीला रंगाचे संकेत देणारा बोर्ड) रीसेट होतो. प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा तपासला, चूक सापडत नाही. (तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स)

प्रोग्रॅमला हात लावू नका, दोष वीजपुरवठ्यात आहे. पट्टीतला तांब्याचा थर फार पातळ असतो. एकाच टोकाकडून वीज दिली की पुढे जाता जाता व्होल्टेज घसरतं. निळ्या आणि हिरव्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, लाल २ व्होल्टच्या आसपास भागवतो. त्यामुळे व्होल्टेज कमी पडलं की आधी निळा मंदावतो, मग हिरवा, आणि लाल शेवटपर्यंत तग धरतो. तांबूस छटा येते ती यामुळे. सगळे पिक्सेल पांढरे ठेवून पट्टीच्या दोन्ही टोकांना मल्टीमीटर लावा. सुरुवातीला ५ आणि शेवटाला ४ च्या आसपास दिसलं तर शंकेला जागा उरत नाही.

आता हिशेब. पूर्ण पांढऱ्यावर एक पिक्सेल ६० मिलिअँपिअरपर्यंत घेतो असं धरायचं. ३०० पिक्सेलचे झाले १८ अँपिअर, म्हणजे ९० वॉट. नव्या पट्ट्या यापेक्षा कमी घेतात, तरी सप्लाय निवडताना हाच आकडा धरावा. तेव्हा ५ व्होल्ट, २० अँपिअरचा सप्लाय घ्या. लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टवर सगळी पट्टी चालवण्याचा विचारही नको.

सप्लायपासून वायरच्या (धन आणि ऋण) तीन स्वतंत्र जोड्या काढा: एक सुरुवातीला, एक मध्यावर, एक शेवटाला. मधल्या जोडीवर दोन्ही बाजूंचा भार येतो, म्हणून तिला १० अँपिअरचा फ्यूज आणि टोकांच्या जोड्यांना ५-५ अँपिअरचे. वायर १.५ चौरस मिलिमीटरची घ्या. दोन मीटर अंतरावर, जाऊन-येऊन चार मीटर वायरमध्ये, ५ अँपिअरला ती पाव व्होल्ट खाते. हीच वायर अर्ध्या चौरस मिलिमीटरची असली तर पाऊण व्होल्टच्या जवळपास जातं आणि सगळी मेहनत वाया.

कंट्रोलर रीसेट होतो त्याचंही कारण हेच. सगळे पिक्सेल एकदम उजळले की व्होल्टेज क्षणभर कोसळतं. सप्लायच्या टोकांवर, पट्टी सुरू होते तिथे, १००० मायक्रोफॅरडचा आणि किमान ६.३ व्होल्टचा कपॅसिटर लावा. ध्रुव उलटे लावू नका, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुटतो. डेटाच्या वायरमध्ये पहिल्या पिक्सेलजवळ ३३० ओहमचा रेझिस्टर घाला. कंट्रोलरचा ग्राउंड आणि सप्लायचा ग्राउंड जोडलेला हवाच. तो सुटला की पट्टी वेड्यासारखी लुकलुकते आणि मुलं पुन्हा प्रोग्रॅममध्ये शिरतात.

कंट्रोलर ३.३ व्होल्टवर चालणारा असेल तर आणखी एक अडचण येते. पिक्सेलला संकेतातला ‘एक’ (डिजिटल १) कळण्यासाठी पुरवठ्याच्या ०.७ पट, म्हणजे ३.५ व्होल्ट लागतात. तुमचा संकेत त्याच्या खालीच राहतो. टेबलावर कधी चालतो, दालनात चालत नाही. मध्ये संकेत ५ व्होल्टपर्यंत उचलणारी ७४एएचसीटी१२५ ही चिप ५ व्होल्टवर चालवून घाला.

शेवटी चमक प्रोग्रॅममधूनच ३० टक्क्यांवर आणा, पूर्ण चमक २५५ असते, तिच्या जागी ७७ पुरे. बंदिस्त दालनात डोळ्याला ती कमी वाटत नाही, प्रवाह मात्र सहा अँपिअरच्या आत येतो आणि पट्टी गार राहते. रिळावर गुंडाळलेली पट्टी पूर्ण चमकेवर तपासू नका, उष्णता अडकून चिकटपट्टी आणि आवरण दोन्ही जातं. वीजजोडणीचं रीळ वापरत असाल तर तेही पूर्ण उलगडा. बाहेर पडायच्या वाटेवर वायर नको, अग्निशामकासमोर सजावट नको, आणि इमारत रिकामी असताना रोषणाई बंद.

प्रश्न: लेझर कटरवर प्लायचे एकमेकांत अडकणारे तारे कापले. खाचा ढिल्या होतात. आणि चकचकीत रंगीत शीट कापली तर चालेल का? (द्वितीय वर्ष, मेकॅनिकल)

खाच ढिली होते कारण लेझर स्वतःची रुंदी खातो, साधारण ०.१५ ते ०.२ मिलिमीटर. शिवाय ‘३ मिलिमीटर’चा प्लाय मोजला तर बरेचदा २.७ किंवा २.८ भरतो. व्हर्नियरनं चार जागी मोजा, सरासरीतून कापाची रुंदी वजा करा आणि खाच तेवढी काढा. २.८ चा प्लाय आणि ०.२ चा काप असेल तर खाच २.६. आधी २.५, २.६, २.७ अशा तीन खाचांचा लहान तुकडा कापून बघा, मगच पूर्ण शीट.

रंगीत शीट कशाची आहे हे लेखी कळल्याशिवाय मशीनमध्ये घालू नका. पीव्हीसी किंवा व्हिनाइल असेल तर हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो फुप्फुसांना घातक आहेच, शिवाय मशीनचे आरसे आणि रूळही गंजवतो. ॲक्रिलिक चालतं. आणि काप चालू असताना कुणीही मशीन सोडून जाऊ नये, ज्वाळा धरायला काही सेकंद पुरतात.

प्रश्न: चार आठवडे महाविद्यालय बंद राहणार. परत आल्यावर दर वेळी काही ना काही बिघडलेलं असतं: बॅटऱ्या मेलेल्या, लेथवर गंज, कूलंटला (कापताना यंत्र गार ठेवणाऱ्या द्रवाला) असह्य वास. बंद करताना नेमकं काय करावं? (प्रयोगशाळा सहायक)

हे काम शेवटच्या दुपारी, सगळे निघायच्या घाईत असताना होतं, म्हणून बिघडतं. दोन दिवस आधी सुरू करा. निरोपाचा कार्यक्रम त्यानंतर ठेवावा असं आमचं आग्रहाचं मत आहे.

बॅटऱ्यांपासून सुरुवात करा, कारण त्यांना वेळ लागतो. रोबो आणि ड्रोनच्या लिथियम बॅटऱ्या पूर्ण भरून ठेवू नयेत, रिकाम्याही नकोत. प्रत्येक सेल ३.८ ते ३.८५ व्होल्टवर आणा, तीन सेलचा पॅक असेल तर ११.४ ते ११.५५. चार्जरवर ‘स्टोरेज’ असा पर्याय असतो, तोच वापरा. ४.२ व्होल्टवर आठवडेच्या आठवडे ठेवलेला सेल झिजतो आणि फुगतो. अगदी खाली गेलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळू लागतं आणि नंतर चार्ज करताना तो आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. पॅक उपकरणातून काढा. स्विच बंद असला तरी सर्किट थेंबथेंब वीज ओढत राहतं. फुगलेला पॅक टोचू नका, दाबू नका, चार्जही करू नका. तो ज्वलनशील वस्तूंपासून दूर धातूच्या किंवा मातीच्या भांड्यात ठेवून ई-कचऱ्याकडे द्या.

लेड-ॲसिड बॅटरीचं याच्या अगदी उलट. ती पूर्ण भरूनच ठेवायची. चार्ज करून काही तास तशीच ठेवल्यावर १२ व्होल्टची बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. अर्धवट रिकामी राहिली की पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि क्षमता कायमची जाते. यूपीएसच्या बॅटऱ्या सुट्टीत मरतात त्यामागे नेहमीची चूक ही: मेन स्विच आधी बंद केला जातो, यूपीएस चालूच राहतो आणि बॅटरी तळाला जाते. आधी संगणक, मग यूपीएस त्याच्या बटणानं, आणि सगळ्यात शेवटी मेन.

मल्टीमीटर आणि रिमोटमधले सेल काढा. अल्कलाइन सेल गळले की पोटॅशियम हायड्रॉक्साइड संपर्कपट्ट्या खातं. सोल्डरिंग आयर्न बंद करण्याआधी टोकाला ताजं सोल्डर भरपूर लावा आणि पुसू नका. उघडं टोक काळं पडतं, मग त्याला सोल्डर चिकटत नाही.

लेथवरचा किस ब्रशनं काढा. कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवला तर बारीक कण सरकपट्ट्यांच्या फटीत शिरतात, डोळ्यांत जातात ते वेगळंच. बेड, चक, टेलस्टॉकचा दांडा कोरड्या फडक्यानं पुसा, मग स्लाइडवेचं (सरकपट्ट्यांचं) तेल पातळ थरात लावा आणि सॅडल (बेडवर सरकणारा भाग) पूर्ण लांबीवर एकदा फिरवा. ओल्या किसाच्या ढिगाखाली एका आठवड्यात गंज धरतो. घामाचे बोटांचे ठसेसुद्धा पुसायचे, मापनाच्या ब्लॉकवर तर नक्कीच.

कूलंटच्या वासामागे हवेविना वाढणारे जिवाणू असतात. पंप थांबला की पृष्ठभागावर यंत्रातलं तेल तरंगतं, हवा अडते आणि टाकी कुजते. वरचं तेल काढून टाका, तळाचा गाळ उपसा, रिफ्रॅक्टोमीटरनं (द्रावणाची तीव्रता मोजणाऱ्या उपकरणानं) पाण्यातलं कूलंटचं प्रमाण तपासून उत्पादकानं दिलेल्या मर्यादेत आणा. वाचन थेट टक्केवारी नसतं, त्या कूलंटच्या गुणकानं गुणावं लागतं. आधीच वास येत असेल तर चार आठवडे ठेवण्यात अर्थ नाही. टाकी रिकामी करा, धुवा, आणि जुनं कूलंट गटारात न ओतता तेलकचऱ्याच्या पिंपात घाला.

वेल्डिंगच्या सिलिंडरच्या झडपा बंद करा, नळीतला दाब सोडा, मग रेग्युलेटरचा स्क्रू सैल करा. ॲसिटिलीनचा सिलिंडर उभाच राहिला पाहिजे. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी खालच्या झडपेतून काढा. जवसाच्या तेलानं किंवा लाकडाच्या पॉलिशनं भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून सुट्टीआधी बाहेर काढा. थ्रीडी प्रिंटरचं फिलामेंट सिलिका जेलसह हवाबंद पिशवीत. नायलॉन उघडं राहिलं तर परतल्यावर छपाई करताना ते तडतडतं आणि ७०-८० अंशांवर आठ-बारा तास वाळवावं लागतं.

दारावर कागद लावा: काय बंद केलं, काय मुद्दाम चालू ठेवलं, कुणाला विचारायचं. परतल्यावर अर्धा दिवस वाचतो.

प्रश्न: निरोपाच्या कार्यक्रमात माइक किंचाळतो आणि लॅपटॉप लावला की स्पीकरमधून घुंई असा आवाज येतो. (विद्यार्थी प्रतिनिधी)

किंचाळी म्हणजे स्पीकरचा आवाज माइकमध्ये, तिथून पुन्हा स्पीकरमध्ये. माइक स्पीकरच्या मागच्या बाजूला ठेवा. बोलणाऱ्यानं माइक तोंडाजवळ धरावा. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबल वाढतो, तेवढा गेन (माइकचा आवाज वाढवण्याचं प्रमाण) खाली आणता येतो. माइकची जाळी मुठीत धरू नये, तिची दिशा ओळखण्याची क्षमता जाते. वापरात नसलेले माइक बंद. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की किंचाळी सुरू होण्याआधीची मोकळीक ३ डेसिबलनं घटते.

घुंई आवाजाचं कारण बहुधा अर्थिंगचं वेटोळं, म्हणजे दोन उपकरणं अर्थला दोन वाटांनी जोडली जाऊन तयार झालेलं वर्तुळ. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर निदान झालं. मग एकतर लॅपटॉप बॅटरीवर चालवा, किंवा मध्ये विलगीकरण ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (लॅपटॉपचा संकेत मिक्सरला जुळवून देणारा डबा) लावा. लॅपटॉप आणि मिक्सर एकाच वीजबिंदूवरून चालवल्यानंही पुष्कळदा भागतं. अर्थचा पिन मात्र कापू नका, एखाद्या बिघाडात माइक हातात धरलेल्या माणसालाच शॉक बसेल.

प्रश्न: सत्राअखेरचं बातमीपत्र आम्ही काढतो. बातम्या सगळ्या सारख्याच वाटतात. (संपादक मंडळ)

कारण त्यात काम दिसत नाही. ‘विद्यार्थ्यांनी अभिनव प्रकल्प सादर करून सर्वांची मनं जिंकली’ या वाक्यात विषय, माणूस, आकडा काहीच नाही. प्रत्येक गटाला चार प्रश्न विचारा: यंत्र काय करतं, आधीच्या पद्धतीपेक्षा किती फरक पडला, कुठे अडलं, पुढच्या वर्गानं काय करावं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरूर छापा. गिअर का तुटला हे वाचूनच पुढचा गट शहाणा होतो. गटातल्या सगळ्यांची नावं द्या, वर्कशॉपमध्ये मदत करणाऱ्या कर्मचाऱ्यांचीही. गुण आणि निकाल अधिकृतपणे जाहीर होईपर्यंत छापू नका, आणि कंपनीशी गोपनीयतेचा करार असलेल्या प्रकल्पाचं चित्र मार्गदर्शकाच्या लेखी परवानगीशिवाय देऊ नका.

प्रश्न: छापलेल्या अंकात फोटो धूसर येतात, स्क्रीनवर मात्र छान दिसतात.

छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात. १५ सेंटिमीटर रुंदीच्या फोटोला साधारण १,७७० पिक्सेल हवेत. चॅटवरून आलेला फोटो वाटेत आक्रसलेला असतो. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ड्राइव्हवरून मागवा. लहान फोटो सॉफ्टवेअरमध्ये ताणून पिक्सेलची संख्या वाढते, तपशील वाढत नाही. मूळ फाइल मिळालीच नाही तर तो फोटो ८ सेंटिमीटर रुंद छापा, त्याला ९५० पिक्सेल पुरतात.