जानेवारी २०२१चा सुळका खरा आहे का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीवरून कोविडच्या लेखांची महिनावार संख्या काढलीत, जानेवारी २०२१मध्ये आलेख एकदम वर गेला, आणि आता ‘२०२०च्या अखेरीस संशोधनाने वेग घेतला, प्रीप्रिंटमुळे (जर्नलच्या तपासणीआधीच खुल्या केलेल्या लेखांमुळे) दर्जा मात्र घसरला’ असं प्रबंधात मांडायचं म्हणताय. कृपया थांबा. मी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. साथीच्या काळात डॉक्टरांना रोज नवे पेपर शोधून देणं हेच माझं काम होतं. तुमचं पहिलं विधान बहुधा तारखांच्या नोंदींतून आलेलं आहे, आणि दुसरं या आकड्यांवरून सिद्धच होत नाही.

आधी तारखा. एकाच लेखाला जर्नलकडे पाठवल्याची, स्वीकारल्याची, ऑनलाइन आल्याची, छापील अंकाची आणि पबमेडमध्ये नोंद झाल्याची अशा कितीतरी तारखा असतात. ऑक्टोबर २०२०मध्ये लोकांनी वाचलेला लेख जानेवारी २०२१च्या अंकात असू शकतो. शिवाय जिथे फक्त वर्ष दिलेलं असतं, तिथे आकडे तक्त्यात घेताना बरीच साधनं १ जानेवारी भरून टाकतात. म्हणून साथीशी संबंध नसलेला एखादा विषय घ्या, समजा मोतीबिंदू, आणि त्याचाही महिनावार आलेख काढा. तिथेही दर जानेवारीला सुळका दिसला तर तो नोंदींचा आहे, साथीचा नाही. मग पबमेडमध्ये नोंद झाल्याची तारीख धरून सगळं पुन्हा मोजा. मी स्वतः पहिल्यांदा अंकाचीच तारीख धरली होती आणि विभागात मांडायच्या आदल्या रात्री सगळं काम पुन्हा करावं लागलं, म्हणून इतकं कळकळीने सांगतेय.

शोधशब्दांचंही तसंच. ‘कोविड-१९’ हे नाव जागतिक आरोग्य संघटनेने ११ फेब्रुवारी २०२०ला जाहीर केलं. फक्त तेच नाव टाकलंत तर सुरुवातीचे, ‘२०१९-एनकोव्ह’ म्हणणारे लेख हातून निसटतील. नुसतं ‘कोरोनाव्हायरस’ टाकलंत तर कोंबड्या आणि डुकरांच्या जुन्या रोगांवरचे लेखही मोजले जातील.

मग येते दुहेरी मोजणी. पहिला रुग्ण नोंदल्यापासून दहा महिन्यांत कोविडवर सव्वा लाखाहून जास्त लेख आले आणि त्यांतले ३० हजारांहून जास्त प्रीप्रिंट होते, असं एका अभ्यासात दिसलं. यांतले पुष्कळ प्रीप्रिंट पुढे जर्नलमध्येही आले. दोन्ही मोजलेत तर एकच संशोधन दोनदा धरलं जाईल. त्यातच संपादकीयं, पत्रं, मतप्रदर्शनं यांचा सुरुवातीला मोठा भरणा होता. लेखप्रकार वेगळे केल्याशिवाय ‘संशोधन वाढलं’ असं लिहू नका.

आता दर्जा. इथे मला सर्वांत जास्त बोलायचंय, कारण प्रीप्रिंट म्हणजे कच्चं आणि जर्नल म्हणजे पक्कं हा समज आम्ही त्या वर्षात डोळ्यांदेखत मोडताना पाहिला.

जानेवारी २०२०च्या शेवटच्या दिवशी दिल्लीतल्या संशोधकांचा एक प्रीप्रिंट बायोअर्काइव्ह या प्रीप्रिंटच्या संकेतस्थळावर आला. नव्या विषाणूच्या काटेरी प्रथिनात एचआयव्हीशी मिळतेजुळते तुकडे असल्याचा त्यांचा दावा होता. जगभरातल्या तज्ज्ञांनी तिथेच खाली चुका दाखवल्या आणि दोन दिवसांत लेखकांनी तो मागे घेतला. तुम्ही याला दर्जा घसरल्याचं उदाहरण म्हणाल. मला त्यात उघड्यावर झालेली तपासणी दिसते.

उलट २२ मे २०२०ला लॅन्सेट या नामांकित जर्नलमध्ये, समीक्षकांच्या हाताखालून जाऊन, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधाने कोविडच्या रुग्णांना धोका वाढतो असं सांगणारा लेख आला. ६७१ रुग्णालयं, ९६ हजारांहून जास्त रुग्ण. आम्ही तो त्याच संध्याकाळी डॉक्टरांना पाठवला. तीन दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला त्या औषधाचा गट थांबवला. पण लेखातला ऑस्ट्रेलियातल्या मृत्यूंचा आकडा तिथल्या नोंदींशी जुळेना, शंभराहून अधिक तज्ज्ञांनी जाहीर पत्र लिहिलं. मूळ माहिती पुरवणाऱ्या सर्जिस्फिअर या कंपनीने ती स्वतंत्र तपासणीला दिली नाही. ४ जूनला लेख मागे घेतला गेला, आणि त्याच दिवशी याच कंपनीच्या आकड्यांवर उभा असलेला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला दुसरा लेखही. ज्यांना ज्यांना पाठवला होता त्यांना एकेकाला फोन करून कळवताना मला फार वाईट वाटलं होतं.

आणि तिसरं उदाहरण डेक्सामेथासोन. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीचा प्रीप्रिंट २२ जून २०२०ला मेडअर्काइव्ह या तशाच संकेतस्थळावर आला. २७ जूनला आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ते औषध उपचारपद्धतीत घेतलं. जर्नलमध्ये लेख आला १७ जुलैला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करणारं, अगदी स्वस्त औषध. ते तीन आठवडे जर्नलची वाट बघत बसलो असतो तर काय झालं असतं याचा विचार करा.

दर्जा मोजायचाच असेल तर प्रीप्रिंट आणि त्याचा छापील लेख अशा जोड्या लावून निष्कर्ष किती बदलला ते बघा. अशा एका अभ्यासात कोविडच्या १७.२ टक्के सारांशांमध्ये निष्कर्षात ठळक बदल आढळला, इतर विषयांत ७.२ टक्के, पण यांतल्या बहुतेक बदलांनी मूळ म्हणणं उलटलं नव्हतं. जर्नलंही घाईत होती: १४ वैद्यकीय जर्नलांमध्ये कोविडच्या लेखांना पाठवल्यापासून प्रकाशित होईपर्यंत लागणारा वेळ सरासरी ४९ टक्क्यांनी घटला होता.

एक प्रकरण मात्र जरूर जोडा: हे लिहीत कोण होतं? कोविडवरच्या वैद्यकीय लेखांत पहिल्या लेखिका म्हणून स्त्रियांचं प्रमाण, त्याच जर्नलांतल्या २०१९च्या लेखांच्या तुलनेत, १९ टक्क्यांनी कमी होतं; हा अभ्यास अमेरिकेतल्या लेखकांपुरता होता. शाळा बंद, घरात मुलं, आजारी माणसं. एकूण संख्येच्या चढत्या रेषेत हे दिसतच नाही. भारतातल्या लेखांसाठी अशी मोजणी तुम्ही केलीत तर मला ती मनापासून वाचायला आवडेल. फक्त नावावरून स्त्री-पुरुष ओळखणारी तयार साधनं भारतीय नावांवर आंधळेपणाने वापरू नका. किरण, सुमन, ज्योती हाताने तपासावे लागतील.

मागे घेतलेले लेखही वेगळे काढा. रिट्रॅक्शन वॉचची यादी २०२३पासून क्रॉसरेफ या संस्थेमार्फत खुली आहे, डीओआय (प्रत्येक लेखाचे ओळख क्रमांक) जुळवले की काम होतं. तुमचं शोधवाक्य जसंच्या तसं इथे टाका, आणि कुठली तारीख धरलीत तेही लिहा. उद्या दुपारी मी ते चालवून बघते.