सीपीके नॉर्मल, मग मांड्यांचा एमआरआय पुन्हा कशाला?

प्रश्न : माझ्या आईला डर्मॅटोमायोसायटिस (त्वचा आणि स्नायूंना दाह, म्हणजे सूज आणणारा आजार) आहे. वर्षभर स्टिरॉइड आणि मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबणारे औषध) घेतल्यावर तिचे सीपीके नॉर्मल झाले, पण खुर्चीवरून उठताना तिला अजूनही हातांचा आधार घ्यावा लागतो. डॉक्टरांनी मांड्यांचा एमआरआय पुन्हा करायला सांगितला आहे. रक्ताचा अहवाल चांगला असताना त्याची खरोखर गरज आहे का?

उत्तर : आपल्या आईंच्या बाबतीत ही तपासणी मला योग्य वाटते. सीपीके हे स्नायूंच्या पेशी फुटल्या की रक्तात उतरणारे विकर (एन्झाइम) आहे. परंतु डर्मॅटोमायोसायटिसच्या काही रुग्णांत स्नायूंचा दाह चालू असतानाही ते नॉर्मल राहते. शिवाय, उरलेल्या अशक्तपणाची तीन वेगळी कारणे संभवतात: दाह अजून शमलेला नाही, किंवा तो शमला असला तरी स्नायूंच्या जागी चरबी भरली आहे, किंवा स्टिरॉइडमुळेच स्नायू क्षीण झाले आहेत. पहिल्यात औषध वाढवावे किंवा बदलावे लागते, तर तिसऱ्यात स्टिरॉइड कमी करावे लागते. म्हणजे नुसत्या अंदाजाने चालले, तर उपचार नेमके उलट्या दिशेने जाण्याचा धोका असतो.

एमआरआयमध्ये मांडीचा आडवा छेद दिसतो. मधोमध हाडाचे वर्तुळ आणि त्याभोवती स्नायूंचे गट. चरबीचा संकेत दाबून टाकणाऱ्या ‘स्टर’ प्रकारच्या चित्रात निरोगी स्नायू गडद करडे दिसतात आणि दाहामुळे जिथे पाणी साचले आहे, तो भाग पांढरा उजळतो. ‘टी-१’ चित्रात मात्र चरबी पांढरी दिसते, त्यामुळे स्नायूंत शिरलेले पांढरे पट्टे जुनी, बहुधा न भरून येणारी हानी दाखवतात. ही दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहावी लागतात. यासाठी बहुतेक वेळा कॉन्ट्रास्टच्या इंजेक्शनची गरज पडत नाही. स्टिरॉइडमुळे आलेल्या अशक्तपणात स्नायू बारीक झालेले दिसू शकतात, पण सहसा पाणी साचलेले दिसत नाही.

तरीही पांढरा डाग दिसला म्हणजे दाहच, असे मानू नये. स्नायूला मार लागला असेल, त्यात संसर्ग झाला असेल, त्याला जाणारा मज्जातंतू निकामी झाला असेल किंवा नुकताच जड व्यायाम झाला असेल, तरीही तो तसाच उजळतो. म्हणून तपासणीच्या आधी दोन-तीन दिवस आईंनी नेहमीपेक्षा जास्त श्रमाचा व्यायाम करू नये; रोजची हालचाल मात्र चालू ठेवावी. निदानाबद्दलच शंका उरली आणि बायॉप्सी (स्नायूचा लहान तुकडा काढून तपासणे) करायचे ठरले, तर ती कोणत्या स्नायूतून घ्यावी हेही या चित्रावरून ठरवता येते, कारण दाह ठिकठिकाणी विखुरलेला असतो आणि नेमका निरोगी तुकडा हाती आला तर बायॉप्सी वाया जाते.

उपचाराचा परिणाम तुलनेतूनच कळतो, म्हणून पहिल्या एमआरआयची सीडी सोबत न्यावी. केवळ कागदी अहवाल पुरेसा नाही. शक्यतो त्याच भागाची, त्याच प्रकारची चित्रे घ्यावीत, अशी विनंती तेथील रेडिऑलॉजिस्टना करावी. अहवाल येईपर्यंत स्टिरॉइड स्वतःहून बंद वा कमी करू नये. मधल्या काळात गिळताना अडचण किंवा धाप जाणवली, तर एमआरआयची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.