बारावी आर्ट्स झाली, गणित नव्हतं. बीए इकॉनॉमिक्स ऑनर्सला काय काय लागतं, गणिताशिवाय जमेल का?

प्रश्न वाचला आणि तपासायला घेतलेले पेपर बाजूला ठेवले. इकॉनॉमिक्समध्ये ८९ मार्क आहेत, गणित दहावीनंतर सुटलं, चार वर्षांच्या ऑनर्सच्या अटी कॉलेजात कुणी धड सांगत नाही, असं लिहिलंयस. अरेतुरे करते, माझ्या वर्गातली पोरं तुझ्याच वयाची आहेत.

आधी अटी सांगून टाकते. आपल्याकडं नवीन शैक्षणिक धोरण संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झालं, त्यात तीन वर्षांत साधी डिग्री मिळते आणि चौथं वर्ष केलं की ऑनर्स. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, आराखड्यात तीन वर्षांना किमान १२० क्रेडिट (अभ्यासाच्या तासांचं माप) आणि चार वर्षांना १६०, महाराष्ट्रात ते १३२ आणि १७६ पर्यंत जातं. ऑनर्समध्ये दोन प्रकार आहेत, साधं ऑनर्स आणि रिसर्चवालं ऑनर्स. रिसर्चवाल्याला पहिल्या सहा सेमिस्टरला मिळून ७५ टक्के पाहिजेत आणि १२ क्रेडिटचा प्रबंध लिहावा लागतो, साध्याला त्या १२ क्रेडिटच्या बदल्यात जास्तीचे पेपर असतात. रिसर्चवालं ऑनर्स चालवायला त्या विभागात पीएचडीचे किमान दोन कायमस्वरूपी गाईड लागतात, म्हणून ॲडमिशन घेतानाच विचार की तुमच्याकडं इकॉनॉमिक्सला पर्मनंट गाईड किती आहेत, तासिका तत्त्वावरचे मोजू नका म्हणावं. मी स्वतः तासिका तत्त्वावर शिकवते, त्यामुळं हे बोलायचा मला हक्क आहे. चार वर्षं केली की एमए एका वर्षाचं होतं, आणि चारही वर्षांना मिळून ७५ टक्के असले तर एमए न करता पीएचडीला अर्ज करता येतो, नेट या पात्रता परीक्षेलाही बसता येतं.

आता यात गणित कुठंच दिसत नाही ना? म्हणूनच मी लिहायला बसले.

२००८ साली मी अकरावीला गेले. दहावीला गणितात चांगले मार्क होते, पण इकॉनॉमिक्सच शिकायचं होतं म्हणून आर्ट्स घेतलं आणि फॉर्मवर विषयांच्या रकान्यात गणित लिहिलं. खिडकीवरच्या सरांनी फॉर्म वाचला, लाल पेनानं गणितावर रेघ मारली, वरती भूगोल लिहिलं आणि म्हणाले, "आर्ट्सच्या पोरीला गणित कामून लागतंय?" मी म्हणलं, सर, बोर्डाच्या यादीत आहे, कारण बोर्डाच्या त्या विषयाचं नावच गणित आणि संख्याशास्त्र, कला व विज्ञान, असं आहे, ४० नंबरचा पेपर. सर म्हणाले, यादीत असंल, आपल्याकडं नाही, वर्ग भरत नाही. आणि त्याच बिल्डिंगमध्ये त्याच मजल्यावर सायन्सच्या वर्गात तोच ४० नंबरचा पेपर शिकवला जात होता, मला फक्त मागच्या बाकावर बसू द्यायचं होतं. अण्णा सोबत होते, ते सरांपुढं काय बोलणार, त्यांनी फॉर्म घेतला, फी भरली आणि आम्ही एसटी स्टँडवर आलो. त्या लाल रेघेचा मला आजही राग आहे.

पुढं बीए झालं, इकॉनॉमिक्सला कॉलेजात पहिली आले. २०१३ ला एका केंद्रीय विद्यापीठाच्या एमएच्या एंट्रन्सला बसले, रात्रभर प्रवास करून परक्या शहरात सेंटरला गेले, पेपर उघडला तर पहिल्या पानावरच फंक्शन, डेरिव्हेटिव्ह, मॅट्रिक्स. तीन वर्षं मी सीमांत उपयोगिता, सीमांत खर्च, घटत्या सीमांत फलाचा नियम पाठ केला होता, आणि हे सगळं डेरिव्हेटिव्हच आहे हे मला एकानंही सांगितलं नव्हतं. निम्मा पेपर कोरा ठेवून बाहेर आले.

घरी येऊन धाकट्या भावाचं अकरावी सायन्सचं गणिताचं पुस्तक घेतलं. इंग्रजीतलं होतं, पहिले दोन महिने नुसते शब्द कळायला गेले. डेरिव्हेटिव्ह म्हणजे नक्की काय ते काही केल्या डोक्यात बसत नव्हतं, आणि एक दिवस विहिरीवर इंजिन चालू असताना अण्णा गड्याला सांगत होते की गव्हाला पाण्याच्या चौथ्या पाळीनं एकरी दीड-दोन कट्टे, म्हणजे पोती, वाढतात, पाचवीनं अर्धा कट्टा, सहावीनं डिझेलचे पैसे पण निघत नाहीत, मग कशाला द्यायची. मी आडतीवरच्या जुन्या पट्टीच्या, म्हणजे हिशोबाच्या कागदाच्या, मागं पाळ्या आडव्या आणि कट्टे उभे मांडून काढलं, तर रेघ वर जाता जाता आडवी होत चालली होती. प्रत्येक ठिकाणी ती किती तिरकी आहे तेच डेरिव्हेटिव्ह, आणि जिथं वाढलेल्या धान्याचे पैसे डिझेलच्या पैशाबरोबर होतात तिथं अण्णा इंजिन बंद करतात. सातवी शिकलेल्या माणसाला जे कळत होतं ते मला बीए पहिली येऊनही मांडता येत नव्हतं, कारण मांडायची भाषाच माझ्या फॉर्मवरून खोडली होती. पुढच्या वर्षी एंट्रन्स निघाली. पण ते एक वर्ष गेलं ते गेलंच, आणि माझ्यासोबत जिनं फॉर्म भरला होता त्या मैत्रिणीला घरच्यांनी ते वर्ष दिलं नाही, तिचं लग्न झालं.

म्हणून माझं सरळ मत, गणिताशिवाय इकॉनॉमिक्सचं ऑनर्स करू नको. दिल्ली विद्यापीठात तर बीए ऑनर्स इकॉनॉमिक्सला बारावीचं गणित असल्याशिवाय दारातही घेत नाहीत. आपल्याकडं घेतात, आणि मग चौथ्या वर्षी प्रबंधात सर्व्हेचा डेटा समोर आला की पोरं टक्केवारी काढून पाय चार्ट चिकटवतात आणि त्याला संशोधन म्हणतात.

गेल्या वर्षी एका लग्नात ते लाल रेघ मारणारे सर भेटले, रिटायर झालेत. म्हणाले, "झालीस की शेवटी प्राध्यापक, काय अडलं गणितावाचून?" मी म्हणलं, सर, अडलं होतं, तुम्हाला दिसलं नाही एवढंच. तर ते म्हणाले, आपल्या भागातल्या पोरांना एवढं जड कशाला. याच वाक्यावर माझं त्यांच्याशी भांडण आहे. आपण मराठवाड्यातले लोक उठता बसता अनुशेष, म्हणजे विकासात मागं राहिल्याची थकबाकी, म्हणतो, तो अनुशेष कुणीतरी मोजला म्हणून आहे ना? राज्य सरकारनं नेमलेल्या दांडेकर समितीनं राज्याची सरासरी धरून कोणता जिल्हा रस्त्यात, सिंचनात किती मागं आहे ते काढलं, १९८४ च्या अहवालात राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६ कोटींचा आला आणि त्यातले साधारण ७५० कोटी मराठवाड्याचे. सरासरी कोणती धरायची यावर पुढं किती वाद झाले, आणि त्या वादात बोलायला आकडे कळणारी माणसं लागतात. ती बाहेरून का यावीत?

आता थोडं सबुरीनं. वर लिहिलेल्या अटी ढोबळ आहेत, क्रेडिटची वाटणी विद्यापीठागणिक बदलते, म्हणून आपल्या विद्यापीठाचं परिपत्रक काढून वाच. पीएचडीच्या त्या ७५ टक्क्यांत एससी, एसटी, ओबीसी नॉन-क्रिमीलेअर, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांगांना ५ टक्के सूट आहे. आणि स्पर्धा परीक्षाच द्यायची असेल तर चौथ्या वर्षाचा हट्ट धरू नको, तीन वर्षांची डिग्री पुरते.

बारावीला गणित नव्हतं म्हणून दार बंद झालं असं मात्र नाही. मायनर, म्हणजे जोडीचा दुय्यम विषय, निवडताना स्टॅटिस्टिक्स किंवा गणित मिळतं का बघ, खिडकीवर नाही म्हणाले तर लेखी माग. अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं बालभारतीच्या साईटवर फुकट आहेत, फंक्शनपासून सुरू कर, मग लिमिट, मग डेरिव्हेटिव्ह, त्रिकोणमिती सध्या सोडून दे. रोज एक तास दिलास तर पहिल्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत होतं. अडलं तर इथंच विचार, रविवारी मी मोकळी असते, वहीचा फोटो टाकलास तरी चालेल.