सवलत आणि कर्ज यांतला फरक आधी पाहा

सप्रेम नमस्कार.

आपल्या मुलीला कॅप (शासनाची केंद्रीकृत प्रवेश प्रक्रिया) फेरीतून पुण्याच्या खासगी विनाअनुदानित महाविद्यालयात अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला आहे, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न सहा लाख आहे, प्रवर्ग खुला आहे आणि बँक आठ लाखांच्या कर्जासाठी राहते घर तारण मागत आहे, असे आपण लिहिले आहे. शिक्षण सुरू असेपर्यंत व्याज लागत नाही, असे कुणीतरी सांगितल्याचेही आपण नमूद केले आहे. ते खरे नाही.

मोरॅटोरियम म्हणजे हप्ता भरण्यापासून मिळालेली मुदत. भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार ती अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष इतकी असते. या काळात हप्ता थांबतो, पण व्याज थांबत नाही. ते सरळव्याजाने साठत राहते आणि परतफेड सुरू होताना मुद्दलात मिळवले जाते. दरवर्षाच्या आरंभी दोन लाख याप्रमाणे आठ लाख उचलले आणि व्याजदर दहा टक्के धरला, तर पहिला हप्ता भरण्याआधीच देणे १० लाख ८० हजारांवर जाते. दहा वर्षांत फेडायचे असेल तर मासिक हप्ता सुमारे १४,३०० रुपये बसतो. पंधरा वर्षांची मुदत घेतल्यास तो सुमारे ११,६०० होतो, पण एकूण परतफेड पावणेचार लाखांहून अधिक वाढते. नोकरीच्या पहिल्या पगारातून एवढी रक्कम दरमहा वेगळी काढणे नव्या पदवीधराला किती जड जाते, याचा विचार आजच व्हावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. शिकत असताना निदान व्याज तरी दरमहा भरता आले, तर हे ओझे पुष्कळ हलके होईल.

तथापि, आपल्याला आठ लाखांची गरज आहे का, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. महाराष्ट्र शासनाच्या जुलै २०२४ च्या निर्णयानुसार, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. त्यासाठी प्रवेश कॅपमधून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातील जागा, अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे यातून वगळलेली आहेत. आपली मुलगी खुल्या प्रवर्गातील असल्याने आर्थिक मागास गटातून पात्र ठरू शकते. तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला लगेच काढावा, महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर अर्ज भरावा आणि दरवर्षी नूतनीकरण चुकवू नये. विकास शुल्क मात्र या माफीत येत नाही. महाविद्यालयाकडून शुल्काचा तपशील लेखी मागून घ्यावा.

माफी मिळाली तर कर्ज मुख्यतः वसतिगृह, मेस आणि लॅपटॉप यांच्यापुरतेच लागेल. आदर्श योजनेत चार लाखांपर्यंत तारण, तिऱ्हाईत जामीनदार किंवा मार्जिन, म्हणजे पालकांनी स्वतः भरायचा हिस्सा, यांपैकी काहीच लागत नाही; केवळ पालक सहकर्जदार असतात. तारणाची अट साडेसात लाखांच्या पुढच्या कर्जाला आहे. त्यामुळे घर गहाण टाकायची घाई करू नये.

केंद्राच्या जुन्या व्याज अनुदान योजनेची उत्पन्नमर्यादा साडेचार लाख असल्याने ती आपल्याला लागू होणार नाही. पीएम-विद्यालक्ष्मी या केंद्राच्याच शैक्षणिक कर्ज योजनेची तीन टक्के व्याजसवलत आठ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला आहे, पण महाविद्यालय तिच्या यादीत असावे लागते आणि इतर सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला ती मिळत नाही. दोन्हींतून निवडायचेच झाले तर शुल्कमाफी निवडावी, कारण माफ झालेली रक्कम परत करावी लागत नाही.

मंजुरीपत्रावर सही करण्यापूर्वी व्याजदर तरता, म्हणजे वेळोवेळी बदलणारा, आहे का, प्रक्रिया शुल्क किती आणि कर्जासोबत विमा जोडला आहे का, हे वाचून घ्यावे. त्या पत्राची प्रत माझ्याकडे पाठवल्यास प्रत्येक कलम पाहून मी सविस्तर उत्तर देईन.