व्यायामात खंड पडला, आता पुन्हा सुरुवात कशी?

दसरा उलटला की येणारी पत्रं एकसारखी असतात. जूनपर्यंत व्यायाम नियमित होता, मग पाऊस, मग गणपती, मग नवरात्र. आता पुन्हा सुरू करायचा आहे आणि ओळखीतल्या प्रत्येकाचा सल्ला वेगळा आहे. त्यातले वारंवार येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : व्यायाम सकाळी चांगला की संध्याकाळी? (ठाणे)

ज्या वेळी तुमच्याकडून तो खरोखर होतो, त्या वेळी. रात्री उशिरा जोराचा व्यायाम केल्यावर झोप उडत असेल, तर तो जेवणाआधी उरका.

प्रश्न : २१ दिवस सलग केलं की सवय लागते असं ऐकलं होतं. २१ दिवस चालायला गेलो, बाविसाव्या दिवशी उठलोच नाही. माझ्यात जिद्द कमी आहे का? (लातूर)

जिद्द ठीक आहे, आकडा चुकीचा आहे. १९६०च्या सुमारास एका अमेरिकी प्लास्टिक सर्जनने लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना 'किमान' २१ दिवस लागतात. पुढे त्यातला 'किमान' गळाला, चेहराही गळाला आणि उरला तो मंत्र. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांचा १२ आठवडे अभ्यास केला, तेव्हा एखादी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असा अंदाज निघाला. कुणाला १८ पुरले, कुणाला २५४ लागतील असं दिसलं. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागते, व्यायामाला वेळ लागतो. याच अभ्यासात दिसलं की मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही. तेव्हा बाविसावा दिवस सोडून द्या आणि तेविसाव्याला जा. वेळ घड्याळावर ठरवू नका, रोजच्या एखाद्या कामाला जोडा: चहाचा कप विसळून ठेवला की बूट घालायचे, असं. बूट दाराशी हवेत, माळ्यावर नकोत.

प्रश्न : रिकाम्या पोटी व्यायाम केला तर चालतो का? (कराड)

तासाभराच्या आतला साधा व्यायाम असेल तर निरोगी माणसाला चालतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, साखर एकदम खाली जाऊ शकते. मधुमेह असलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: व्यायामाचा साखरेवरचा परिणाम साधारण एक ते तीन दिवसच टिकतो. म्हणून सलग दोन दिवसांहून जास्त सुट्टी नको.

प्रश्न : वय ३८. वर्षभर जिमला जात होतो, जुलैपासून साडेतीन महिने बंद. गेल्या सोमवारी गेलो तर ट्रेनरने पहिल्याच दिवशी पूर्वीच्याच वजनावर 'लेग डे' घेतला, वर १५० उठाबशा. तीन दिवस जिना उतरता आला नाही. तो म्हणतो, अंग दुखल्याशिवाय व्यायाम लागत नाही. खरं आहे का? (नाशिक)

नाही, आणि हे सविस्तर सांगायला हवं. व्यायाम कायमचा सुटण्याचं मी पाहिलेलं सर्वात मोठं कारण आळस नाही, अशी परतीची घाई आहे.

खंड पडला की शरीराचे सगळे भाग एकाच वेगाने मागे येत नाहीत. आधी दम जातो. रक्तातल्या द्रवाचं प्रमाण पहिल्या दोन आठवड्यांतच घटतं आणि त्याच जिन्यावर धाप लागते. ताकद तीन-चार आठवडे बऱ्यापैकी टिकते, नंतर हळूहळू उतरते. परतल्यावर स्नायू लवकर ताळ्यावर येतात, कारण एकदा कमावलेल्या स्नायूला ती कमाई बरीच लक्षात राहते. घोळ इथेच होतो. स्नायू म्हणतात 'जमतंय', पण ज्या कंडरांनी ते हाडाला बांधलेले असतात त्या फार सावकाश बळकट होतात, त्यांना महिने लागतात. टाचेमागची कंडरा, गुडघ्याच्या वाटीखालची, खांद्याची, या जागा परतल्यानंतरच्या महिना-दीड महिन्यात धरतात. मग माणूस पुन्हा सहा आठवडे घरी बसतो आणि 'मला व्यायाम सोसत नाही' असं ठरवून टाकतो. रथसप्तमीला एकदम १०८ सूर्यनमस्कार घालून मनगट आणि कंबर धरून बसणारे याच जातीचे.

दुखण्याबद्दल. सवय नसलेल्या व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग सर्वांत जास्त दुखतं, विशेषतः खाली बसताना आणि जिना उतरताना, कारण तेव्हा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो. हे दुखणं नवखेपणाची खूण आहे, प्रगतीची नाही. तोच व्यायाम दुसऱ्यांदा केला की ते निम्म्यावर येतं, आणि व्यायाम मात्र लागू पडतच असतो.

आता भीतीची बाजू. खंडानंतर एकदम शेकड्याने उठाबशा काढल्या तर क्वचित स्नायूंच्या पेशी फुटतात आणि त्यातले घटक रक्तात उतरून मूत्रपिंडाला बाधतात. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. मांड्या टम्म सुजल्या, वेदना हलण्यापलीकडे गेली किंवा लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. तिथे रक्तातलं सीके (स्नायूंना किती इजा झाली हे दाखवणारा घटक) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय हे दाखवणारा) तपासतात. घरी वेदनाशामक गोळी घेऊन झोपू नका, त्या गोळ्या आधीच त्रासलेल्या मूत्रपिंडावर आणखी भार टाकतात. तुमची लघवी या आठवड्यात गडद होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. होती, तर हे वाचून झाल्यावर आधी डॉक्टरांकडे जा.

नसेल आणि दुखणं ओसरलं असेल, तर परतीचा रस्ता असा धरा. पहिला आठवडा दोनच दिवस, जुन्या वजनाच्या निम्म्यावर, प्रत्येक व्यायामाचा एकच सेट, १० ते १२ वेळा. संपवताना 'अजून चार-पाच सहज झाले असते' असं वाटलं पाहिजे. दुसऱ्या आठवड्यात वजन तेच ठेवून दोन सेट. तिसऱ्यात वजन साठ-सत्तर टक्क्यांवर न्या. पाचव्या-सहाव्या आठवड्याच्या आधी जुन्या वजनाला हात लावू नका. वजन आणि सेट एकाच आठवड्यात वाढवू नका, नाहीतर दुखलं तर कशाने हे कळत नाही. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन गोळी चालू असेल, पूर्वी सांध्याची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा वय पंचेचाळिशीपुढे असेल, तर हे वेळापत्रकही आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा. ट्रेनरला हे पटत नसेल तर ट्रेनर बदला.

पुढच्या वर्षीचा खंड मेमध्येच अडवा. पावसाळ्यात बाहेर जाता येणार नाही हे तेव्हाही माहीत असतं. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं, भिंतीवरचे जोर दहा, जिन्याच्या पायरीवर टाचा उचलणं पंधरा, हे तीनदा फिरवलं की पंधरा मिनिटं होतात. आठवड्यातून एकदाच, पण उचलायचं वजन कमी न करता केलेला व्यायाम ताकद बरेच आठवडे टिकवतो. म्हणजे पावसात पूर्ण बंद करण्याची गरज नव्हतीच.

प्रश्न : घड्याळ रोज १०,००० पावलं मागतं. माझी ६,००० होतात. सगळं फुकट जातं का? (पुणे)

दहा हजार हा आकडा डॉक्टरांकडून आलेला नाही. १९६५मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राचं नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक, असं होतं. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामाची आहे, आणि त्याखेरीज किमान दोन दिवस स्नायूंचा. हा दुसरा भाग घड्याळ मोजत नाही, म्हणून लोक तो विसरतात. सहा हजारांतली तीन हजार पावलं मिनिटाला शंभरच्या वेगाने झाली तर अर्धा तास पदरात पडला. वेग योग्य आहे की नाही हे असं ओळखा: चालता चालता बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये.

प्रश्न : सर्दी असताना व्यायाम करावा का? (वसई)

नुसतं नाक वाहत असेल तर हलका करा. ताप, अंगदुखी किंवा छातीत कफ असेल तर नाही.

प्रश्न : वय ५८. गुडघे दुखतात. शेजारच्या काकू म्हणतात वंगण संपलंय, चालणं बंद करा. (कोल्हापूर)

काकूंनी एक्स-रे पाहिलाय का? सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीला, रक्तवाहिन्या नसतात. दाब पडणं आणि सुटणं यातूनच तिला पोषण मिळतं. चालणं बंद केलं की मांडीचा पुढचा स्नायू बारीक होतो आणि गुडघ्यावरचा भार उलट वाढतो. खुर्चीत बसून एक पाय सरळ करा, पाच सेकंद धरा, दहा वेळा. दिवसातून तीनदा, दोन्ही पायांनी. चालणं सपाट जागेवर, सुरुवातीला दहा-दहा मिनिटांचे दोन तुकडे. चालताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत निवळलं तर चालू ठेवा, न निवळल्यास पुढच्या वेळी निम्मं करा. गुडघा सुजला, अडकला, एकाएकी लचकला किंवा रात्री दुखून जाग आली तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : जिमची वर्षाची वर्गणी आज भरली तर निम्म्यात आणि प्रोटीन पावडरचा डबा मोफत. घ्यावी का? घाम येणारा पट्टाही देत आहेत. (नागपूर)

पट्टा घालून जातं ते पाणी, दोन ग्लास प्यायलात की परत येतं. वर्षाची वर्गणी भरणाऱ्यांतले बरेच जण येणार नाहीत हे धरूनच ती निम्म्यात देतात. 'आजच' हा शब्द ऐकलात की उद्या जा. एक महिन्याची भरा, आठवड्याला तीनदा जाणं झालं तर पुढची भरा. डब्यावर 'मास गेनर' लिहिलं असेल तर त्यात प्रथिनांपेक्षा पिष्टमय पदार्थच जास्त असतात, मागची बाजू वाचा. बहुतेकांना दर किलो वजनामागे सुमारे एक ग्रॅम प्रथिनं पुरतात, ती डाळ, दही, अंडी, पनीर यांतून येतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर पावडर डॉक्टरांना विचारूनच.

प्रश्न : वडील ६७, रक्तदाब आहे. रोज चालतात, कधी चुकवत नाहीत. दोन महिन्यांपासून चढावर छातीत जड होतं, थांबले की दोन-तीन मिनिटांत बरं वाटतं. ते म्हणतात गॅस आहे. ईसीजी नॉर्मल आला. दिवाळीनंतर दाखवू म्हणतात, तोवर चालणं चालू ठेवू द्यावं का? (सातारा)

नाही. चालणं आजपासून बंद. श्रमाने येणारं आणि थांबल्यावर जाणारं छातीतलं जडपण हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं असू शकतं. गॅस चढ पाहून येत नाही. झोपून काढलेला ईसीजी नॉर्मल असला तरी यातून सुटका होत नाही, कारण त्रास श्रमाच्या वेळी आहे. कोणती तपासणी करायची, स्ट्रेस टेस्ट, इको की आणखी काही, हे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. तुम्ही घरी जिने चढवून 'टेस्ट' घेऊ नका. दोन महिने आधीच गेले आहेत, उद्याची वेळ घ्या. मधल्या काळात बसल्याजागी दुखलं, घाम फुटला, किंवा दुखणं दहा मिनिटांत थांबलं नाही, तर १०८ला फोन करा, त्यांना स्कूटरवर बसवून नेऊ नका.