स्वस्त कामे आधी, बाकीची नंतर? कमी कार्बनच्या नियोजनावर वाचकांचे प्रश्न

कारखाने, सोसायट्या आणि पालिकांचे एनर्जी ऑडिट करतो म्हणून माझ्याकडे पत्रे येतात. विषय वेगवेगळे असले तरी बहुतेकांचा सूर एकच असतो: "सगळ्यात कमी पैशात काय होईल तेवढे सांगा, बाकीचे पुढे बघू." हे 'पुढे बघू' मला काळजीत टाकते. म्हणून निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत.

भारताचे नेट झिरोचे (जितका कार्बन सोडू तितकाच शोषून घेण्याचे) उद्दिष्ट २०७० चे आहे. मग आत्तापासून एवढी घाई कशासाठी? (निवृत्त बँक अधिकारी, नाशिक)

आज मंजुरी मिळालेली इमारत २०७० मध्येही उभी असेल आणि वीज खात असेल, म्हणून.

भारतात आता निम्मी वीज हरित झाली, असे व्हॉट्सअ‍ॅपवर वाचले. खरे का? (शिक्षिका, सातारा)

नाही. निम्मी झाली ती बसवलेली क्षमता, म्हणजे सगळे संच पूर्ण जोराने चालले तर मिळू शकेल ती वीज, आणि तो टप्पा आपण २०२५ मध्ये गाठला. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचाच वाटा सर्वांत मोठा आहे, कारण सौर पॅनेल रात्री वीज देत नाही.

जुना पंखा चांगला चालतोय. तरी बीएलडीसी पंखा घ्यावा का? (गृहिणी, सांगली)

बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा पंखा. रोज दहा-बारा तास चालत असेल तर जरूर घ्या. जुना सुमारे ७५ वॉट खातो, नवा ३० च्या आसपास. पाहुण्यांच्या खोलीतला राहू द्या.

आमची इमारत ३२ वर्षे जुनी आहे. एक कंपनी 'शून्य खर्चात सोलर' देते, करार २५ वर्षांचा. महिनाअखेरीपर्यंत सही केली नाही तर सबसिडी जाईल, असे त्यांचा माणूस सांगतो. काय करावे? (गृहनिर्माण संस्थेच्या सचिव, ठाणे)

सही करू नका, निदान या महिन्यात तरी नाही. घाई करायला लावणारा विक्रेता तुम्हाला करार वाचायला वेळ देत नसतो. 'शून्य खर्च' म्हणजे पॅनेल कंपनीच्या मालकीची, आणि तुम्ही २५ वर्षे दर युनिटमागे पैसे मोजणार. तो दर दरवर्षी किती टक्क्यांनी वाढणार, गच्ची गळली तर दुरुस्ती कोण करणार, मध्येच करार सोडायचा तर किती भरावे लागणार, हे त्यांच्याकडून लेखी घ्या.

सगळ्यात मोठा प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही: इमारत रिडेव्हलपमेंटला जाणार आहे का? ठाण्यात ३२ वर्षांच्या इमारतीत तो विषय आज ना उद्या सर्वसाधारण सभेत येणारच. पाच वर्षांनी बिल्डर आला तर उरलेल्या वीस वर्षांचे काय? तीस वर्षांवरील इमारतीला उपविधींनुसार दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावेच लागते. आधी तो अहवाल हातात घ्या.

सबसिडी पंतप्रधान सूर्यघर योजनेतून मिळते. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसाठी, ती प्रति किलोवॉट १८,००० रुपये आहे. तिची माहिती विक्रेत्याकडून नको, योजनेच्या पोर्टलवरून किंवा महावितरणच्या कार्यालयातून घ्या. हिशेबाला एवढे पुरे: एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट, सावली न पडणारी जागा लागते आणि दिवसाला सरासरी चारेक युनिट मिळतात. त्याआधी पाण्याचा पंप दिवसा चालवायला लागा आणि जिन्यात एलईडी लावा, म्हणजे लागणारा प्लांटच लहान होईल. करार सोसायटीच्या वकिलाला दाखवल्याशिवाय सभेपुढे ठेवू नका.

बांधावर साग आणि आंबा आहे. एक एजंट म्हणतो, एकरी २,००० रुपये नोंदणी भरली की दरवर्षी कार्बन क्रेडिटचे पैसे येतील. सातबारा आणि आधार मागतोय. (शेतकरी, जालना जिल्हा)

एक रुपयाही देऊ नका, सातबाराही देऊ नका. कार्बन क्रेडिट म्हणजे वाचवलेल्या किंवा साठवलेल्या कार्बनचे विकता येणारे प्रमाणपत्र; आधीपासून उभ्या असलेल्या झाडांना ते सहसा मिळत नाही. प्रकल्प नसता तर जे झाले असते त्याहून जास्त कार्बन साठला, हे मोजून, तिसऱ्या संस्थेकडून पडताळून घ्यावे लागते. ही पडताळणी इतकी खर्चिक असते की शेकडो शेतकरी एकत्र आल्याशिवाय परवडत नाही. खऱ्या प्रकल्पात हा खर्च प्रकल्प चालवणारा करतो. शिवाय करार अनेकदा वीस-तीस वर्षांचे असतात. तेवढा काळ झाड तोडायचे नाही, अशी अट जमिनीच्या पुढच्या वारसालाही बांधून ठेवते. केंद्राची कार्बन क्रेडिट व्यापार योजना (२०२३) वेगळी आणि त्याच वर्षीचा ग्रीन क्रेडिट कार्यक्रम वेगळा, पण एजंट दोन्हींची नावे एका दमात घेऊन सरकारी शिक्का असल्याचा भास निर्माण करतात. मराठीत छापील करार मागा, आणि तो घेऊन कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जा. एजंट पुन्हा दिसणार नाही, अशी माझी खात्री आहे.

आमची फाउंड्री आहे, थोडा माल युरोपला जातो. सल्लागार म्हणतो, हरित विजेचे सर्टिफिकेट घ्या म्हणजे युरोपचा कार्बन कर लागणार नाही. (उद्योजक, शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर)

सल्लागार चुकीचे सांगतो आहे. ही करयंत्रणा, सीबीएएम, १ जानेवारी २०२६ पासून पूर्ण लागू झाली आहे. तिचा भार तिकडच्या आयातदारावर पडतो आणि तो तुमच्याकडे आकडे मागतो. लोखंड-पोलादासाठी सध्या फक्त थेट उत्सर्जन धरले जाते, म्हणजे कोक, फर्नेस ऑइल, गॅस जाळून होणारे. विजेमुळे होणारे उत्सर्जन त्यात येतच नाही, तर विजेचे सर्टिफिकेट कशाला उपयोगी पडणार?

पहिले काम, तुमच्या मालाचा एचएस कोड, म्हणजे कस्टम्समधला वर्गीकरण क्रमांक, बघा. नट-बोल्ट (७३१८) सीबीएएमच्या यादीत आहेत, कास्टिंगचा ७३२५ मूळ यादीत नाही, वाहनांच्या सुट्या भागांचा ८७०८ ही नाही. यादी वाढवण्याच्या हालचाली युरोपात सुरू आहेत, म्हणून कस्टम्स एजंट आणि तुमचा खरेदीदार या दोघांकडून लेखी खात्री करून घ्या.

खरा पैसा तुमच्या शेडमध्येच सांडतो आहे. रिजेक्शन किती टक्के आहे? रिजेक्ट झालेला प्रत्येक टन तुम्ही दोनदा वितळवता. भट्टीचे झाकण उघडे ठेवून वाट बघणे, कॉम्प्रेस्ड एअरच्या लाइनमधली गळती (निम्म्याहून जास्त कारखान्यांत ती कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या पाचव्या हिश्शाच्या पुढे असते, असा माझा अनुभव), चार-चार वेळा रिवाइंड केलेल्या मोटारी. मोटारीच्या आयुष्यभराच्या खर्चात तिची किंमत काही टक्केच असते, बाकी सगळे वीजबिल. जळालेल्या मोटारीच्या जागी आयई३ किंवा आयई४ (कमी वीज खाणाऱ्या, वरच्या कार्यक्षमता श्रेणीची) मोटार घ्यायचे आजच ठरवून ठेवा, कारण ती जळेल त्या रात्री पाळीवरचा माणूस जवळच्या रिवाइंडरकडेच धावणार. मान्यताप्राप्त एनर्जी ऑडिटर बोलवा आणि त्याला मालाच्या प्रति टन किती युनिट लागतात ते मोजायला सांगा.

आमच्या महापालिकेने २०५० पर्यंत नेट झिरोचा ठराव केला. सल्लागाराने आलेख दिला आहे: डावीकडे स्वस्त कामे (पथदिवे, पंप), उजवीकडे महाग (ई-बस, इमारती). सभेत ठरले की पहिली दहा वर्षे डावीकडची कामे करू, तोवर बाकीच्या वस्तूही स्वस्त होतील. हे योग्य वाटते का? (कनिष्ठ अभियंता, 'ड' वर्ग महापालिका)

योग्य नाही. सविस्तर उत्तर देतो, कारण हाच आलेख जवळपास प्रत्येक पालिकेत फिरतो आहे आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी तो चुकीचा वाचला जातो.

आलेख एक टन कार्बन वाचवायला किती रुपये लागतात ते सांगतो. काम पुरे व्हायला किती वर्षे लागतील, ते त्यात कुठेच नसते. पथदिवे टेंडर निघाल्यावर काही महिन्यांत बदलून होतात, ते २०२६ मध्ये करा किंवा २०३० मध्ये. बसचे तसे नाही. तुमच्याकडे ६० बस आहेत असे धरा, आणि वर्षाला चार बदलण्याची ऐपत आहे. सगळा ताफा बदलायला १५ वर्षे लागली. सरकारी आणि पालिकेची १५ वर्षांवरील वाहने १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीतून बाद होतात, म्हणजे बसचे आयुष्यही १५ धरा. २०५० गाठायचे तर शेवटची डिझेल बस २०३५ पर्यंतच घेता येते. तुमच्या सभेच्या निर्णयानुसार २०३६ पर्यंत डिझेलच येत राहणार. सुरुवात आणखी लांबून २०४० वर गेली, तर वर्षाला चारऐवजी सहा बस घ्याव्या लागतील, आणि २०३९ मध्ये घेतलेली बस अकराव्या वर्षी भंगारात काढावी लागेल. याला काटकसर कशी म्हणायची?

शिवाय डेपोला उच्चदाब जोडणी, ट्रान्सफॉर्मर, चार्जर आणि मेकॅनिकांचे प्रशिक्षण लागते. हे आधी उभे राहते, बस नंतर येतात. दहा वर्षे काहीच केले नाही तर अकराव्या वर्षी पैसे असूनही बस उभ्या करायला जागा नसेल.

इमारतींचे तर याहून कठीण आहे. तुमचा नगररचना विभाग दर महिन्याला जे नकाशे मंजूर करतो, त्यांतल्या पश्चिमेच्या काचेच्या भिंती पन्नास वर्षे एसीचे बिल वाढवत राहतील. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये सुधारणा होऊन मोठ्या निवासी इमारतीही इमारतींच्या ऊर्जा-बचतीच्या संहितेच्या कक्षेत आणण्याची तरतूद झाली. नकाशा मंजूर करतानाच छप्पर, सावली, खिडक्या यांचे नियम लावायला पालिकेला जवळजवळ काही खर्च येत नाही. बांधून झाल्यावर तेच करायला भिंती फोडाव्या लागतात. आलेखात 'इमारती' उजवीकडे गेल्या, कारण सल्लागाराने जुन्या इमारतींची दुरुस्ती धरली. नव्यांचा त्यात विचारच नाही.

आणि 'तोवर स्वस्त होईल' हे अर्धेच खरे आहे. सरकारी खरेदीत एलईडी बल्ब २०१४ मध्ये ३१० रुपयांना मिळत होता, २०१६ मध्ये ४० रुपयांच्या खाली आला. कोट्यवधी बल्बांची एकत्रित मागणी नोंदवली म्हणून तो उतरला. सगळेच वाट बघत बसले असते तर किंमत तिथेच राहिली असती.

मग करायचे काय? आलेख फेकू नका. त्यातल्या प्रत्येक कामापुढे तीन रकाने वाढवा: वस्तूचे आयुष्य, सुरुवातीपासून पूर्ण व्हायला लागणारी वर्षे, आणि बदलण्याची पुढची संधी कोणत्या साली येते. मग २०५० पासून मागे मोजत या. पंप आणि दिवे करा, जरूर करा; बहुतेक पालिकांच्या वीजबिलांत पाणीपुरवठ्याचे बिल सर्वांत मोठे असते. पण पंपाचे टेंडर सर्वांत कमी किमतीवर देऊ नका, दहा वर्षांच्या विजेसह येणाऱ्या खर्चावर द्या, आणि ती अट लेखापरीक्षण विभागाकडून आधी मान्य करून घ्या. वाचलेल्या पैशाचा एक हिस्सा डेपोसाठी वेगळ्या लेखाशीर्षात ठेवा, नाहीतर तो मार्चअखेरीस रस्त्याच्या खड्ड्यांत जाईल. मुख्य लेखा अधिकाऱ्यांना पहिल्या बैठकीपासून सोबत घ्या. मुंबई महापालिकेनेही मार्च २०२२ मध्ये २०५० चेच उद्दिष्ट जाहीर केले; त्यांचा आराखडा मिळवून वाचा, पण नक्कल करू नका. तुमच्या शहरात लोकल ट्रेन नाही.

मुलगा आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे. चंद्रपूरचे वीज केंद्र बंद होणार म्हणतात. त्याने तिथे कामाला लागावे का? (पालक, चंद्रपूर)

केंद्र लगेच बंद होणार नाही. २,९२० मेगावॉटपैकी दोन जुने संच २१० चे आहेत, ते आधी जातील. ५०० चे पाच अजून बरीच वर्षे चालतील. ब्रिटनने नोव्हेंबर २०१५ मध्ये कोळसा सोडण्याचा इरादा जाहीर केला आणि शेवटचे केंद्र ३० सप्टेंबर २०२४ ला बंद केले. मध्ये नऊ वर्षे मिळाली, म्हणून कामगारांना आणि गावाला तयारीला थोडा अवधी तरी होता. चंद्रपूरसाठी अशी तारीखवार योजना आत्ताच जाहीर व्हायला हवी, आणि तिच्यात कंत्राटदाराच्या हजेरीपटावरच्या माणसांची नावेही हवीत. ती कुठल्याच कायम यादीत नसतात.

मुलाने नोकरी घ्यावी; स्विचगिअर आणि मोटारींचे काम सौर प्रकल्पात आणि उपकेंद्रातही लागतेच. पण कायम की कंत्राटी, भविष्य निर्वाह निधी कोण भरणार, हे सही करण्याआधी विचारावे, आणि विजेच्या कामाचा परवाना मिळवण्याबद्दल आयटीआयच्या निदेशकांना याच महिन्यात भेटावे.